हातात मोठी जोडी आणि फ्लॉपवर वरचं पान: लिमिट होल्डेममध्ये पुढे काय करायचं?

हातात राजांची जोडी येते, तुम्ही रेजवर रेज करून (पैज वाढवून) पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, वाढवता आणि फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं) उघडतो तर त्यात एक्का. लिमिट टेक्सास होल्डेम, म्हणजे बेटची (पैजेची) रक्कम ठरलेली असते असा पोकर, खेळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ पुन्हा पुन्हा येते. अशा वेळी काही जण एक्का बघूनच हात सोडतात. काही जण ‘राजे आहेत, टाकू कसे’ म्हणत रिव्हरपर्यंत, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानापर्यंत, पैसे भरत राहतात. निर्णय घेण्यासाठी बघायच्या तीन गोष्टी याच क्रमाने बघा: समोर किती जण उरलेत, पॉटात किती पैसे आहेत आणि आपली जोडी नेमकी कोणती आहे. एक्का बघून मनात येणारी धास्ती या यादीत कुठेच नाही.

हा लेख फक्त लिमिटबद्दल आहे. गोव्यातल्या कॅसिनोंत होल्डेम बहुतेक नो-लिमिट (बेटच्या रकमेला मर्यादा नसलेला) चालतो आणि भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली आहे. लिमिट खरा टिकून आहे तो अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियातल्या कार्डरूममध्ये. तिथे होल्डेमला १९८७ मध्ये मान्यता मिळाली आणि लहान रकमेच्या टेबलांवर लिमिटची सवय अजून आहे. सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्या मराठी वाचकांना ही टेबलं माहीत असतील. शिवाय मिक्स्ड गेममधल्या, म्हणजे पोकरचे वेगवेगळे प्रकार आळीपाळीने खेळायच्या डावातल्या, ‘हॉर्स’ची सुरुवातच लिमिट होल्डेमने होते.

उदाहरणांसाठी ४–८ डॉलरचं टेबल धरू. ब्लाइंड, म्हणजे दोन खेळाडूंनी पानं बघण्याआधीच टाकायचे पैसे, २ आणि ४ डॉलर. फ्लॉपआधी आणि फ्लॉपवर बेट ४ ची, टर्न (चौथं पान) आणि रिव्हरवर ८ ची. एका फेरीत बहुतेक ठिकाणी एक बेट आणि तीन रेज एवढीच मुभा असते. घर, म्हणजे टेबल चालवणारी कार्डरूम, प्रत्येक पॉटातून काही डॉलर काढून घेतं, ते मी हिशोबात धरलेले नाहीत. लहान टेबलांवर ही रक्कम बोचते, म्हणून काठावरचे निर्णय थोडे कडकच घ्या.

आधी आकडे

फ्लॉपवर आपल्या जोडीपेक्षा मोठं निदान एक पान येण्याची शक्यता राजांच्या जोडीला २२.६ टक्के, राण्यांना ४१.४, गुलामांना ५७ आणि दश्शांना ६९.५ टक्के. म्हणजे गुलामांच्या जोडीवर वरचं पान पडणं हीच नेहमीची गोष्ट आहे. त्याला अपशकुन मानत बसलात तर गुलाम खेळताच येणार नाहीत.

फ्लॉपवर एकच वरचं पान आहे, समजा एक्का. उरलेल्या ४७ पानांत तीन एक्के आहेत. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याच्या हातात कुठलीही दोन पानं असतील, तर त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता १२.५ टक्के. दोघं असतील तर २४, तिघं ३४, चौघं ४४ आणि पाच जण असतील तर ५२ टक्के. अर्थात माणसं कुठलीही दोन पानं घेऊन खेळत नाहीत. एक्का असलेले हात ती धरून ठेवतात, म्हणून खरा आकडा याहून चढा असतो. लहान टेबलांवर तर ‘एक्का आणि काहीही’ घेऊन कॉल करणारे, म्हणजे समोरच्याइतके पैसे भरून डावात राहणारे, चिकार. वरचं पान राणी असेल आणि तुमच्याकडे गुलाम असतील तर धोका कमी, कारण राणी-सत्ती घेऊन रेजला कॉल करणारे थोडेच.

आपण मागे असलो तर सुटका दोनच पानांत. ४७ पैकी २, म्हणजे टर्नवर सेट (आपल्या जोडीचं तिसरं पान) लागण्याच्या विरुद्ध २२.५ ला १. टर्न आणि रिव्हर मिळून ८.४ टक्के. या दोन आउट्सवर, म्हणजे हात सुधारणाऱ्या पानांवर, विसंबून पैसे भरणं फार क्वचित परवडतं.

पहिली पायरी: काम फ्लॉपच्या आधी सुरू होतं

वरच्या आकड्यांवरून दिसेल की निर्णय सोपा करायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे समोरची गर्दी कमी करणं. कोणी रेज केलं असेल तर राजे, राणी, गुलाम यांपैकी कुठल्याही जोडीने पुन्हा रेज करा. मागच्यांना एकदम १२ डॉलर भरायची वेळ आली की एक्का-सत्तीसारखे हात बऱ्याचदा खाली पडतात, आणि नेमके तेच हात फ्लॉपवर तुमचा घात करतात. नुसता कॉल करून ‘आधी फ्लॉप बघू’ म्हणणारा ब्लाइंडमधल्या एक्क्याला स्वस्तात आत घेतो.

चार जण आधीच नुसते ४ भरून आत आले असतील तर रेजने कोणी जाणार नाही. तरीही रेज करा, कारण सगळ्यांत चांगला हात बहुधा तुमचाच आहे आणि प्रत्येक जण त्यावर पैसे टाकतोय. फक्त हे धरून चाला की असा डाव फ्लॉपवर अनेकदा सोडावा लागणार आहे.

दुसरी पायरी: दोघंच उरलात तर

मधल्या जागेवरून एकाने ८ केले, तुम्ही इस्पिक आणि बदामच्या राजांवर १२ केले, बाकी सगळे गेले, त्याने कॉल केला. पॉट ३० डॉलर. फ्लॉप: चौकट एक्का, किलवर नव्वी, इस्पिक चव्वी. त्याने चेक केलं, म्हणजे बेट न लावता पाळी पुढे दिली.

त्याच्याकडे काय असू शकतं ते मोजू. एक्का-राजाचे ६ हात, कारण दोन राजे तुमच्याकडे आहेत. एक्का-राणी १२, एक्का-गुलाम १२, एकाच रंगातली एक्का-दश्शी ३. नव्व्यांचा सेट ३. हे झाले तुमच्या पुढचे ३६. आता मागचे: राणी, गुलाम, दश्शी आणि अठ्ठी यांच्या जोड्या प्रत्येकी ६, म्हणजे २४, आणि राजा-राणी ८. एकूण ३२. म्हणजे फ्लॉपवर एक्का असूनही जवळपास निम्म्या वेळा तुम्हीच पुढे आहात. बेट लावा. राण्यांची जोडी धरून बसलेला माणूस ३४ डॉलरसाठी ४ डॉलर द्यायला नाही म्हणत नाही.

त्याने कॉल केला आणि टर्नवर काही विशेष आलं नाही, तर पुढचं समोरच्या माणसावर ठरतं. विचार करून खेळणारा असेल तर मी टर्नला चेक करतो. कारण नीट समजून घ्या. तो मागे असेल तर त्याच्याकडे दोनच आउट्स आहेत, म्हणजे ३८ डॉलरच्या पॉटात त्याला फुकट पान देण्याची किंमत दोन डॉलरही होत नाही. तो पुढे असेल तर तुमचे ८ वाचतात आणि त्याच्या चेक-रेजचा (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेज) फटका टळतो. शिवाय तुमचा चेक बघून तो रिव्हरला हलक्या हातावर बेट लावू शकतो. तेव्हा कॉल करा. त्याने पुन्हा चेक केलं तर तुम्ही बेट लावा. एक्का असता तर एव्हाना त्यानेच लावली असती, आणि राण्या, गुलाम, दश्शी घेऊन तो बहुतेक वेळा कॉल करतो.

काहीही घेऊन कॉल करणारा माणूस असेल तर चेक करू नका. त्याच्याकडे नव्वीची किंवा चव्वीची जोडी असण्याची शक्यता मोठी, आणि अशा हाताला साधारण पाच आउट्स असतात. त्याच्याकडून टर्न आणि रिव्हर दोन्हींवर पैसे घ्या.

तिसरी पायरी: तुमची जोडी नेमकी कोणती?

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथेच लोक राजे, राणी आणि गुलाम यांना एकाच मापाने मोजतात.

राजांच्या जोडीवर एक्का पडला की बाकी कुठलंच पान तुमच्यावर नसतं. समोरच्याकडे एक्का असतो किंवा तो खोल मागे असतो. म्हणून फुकट पान देणं स्वस्त. गुलामांची जोडी आणि फ्लॉपवर राणी, सत्ती, तिर्री असं असेल तर चित्र पालटतं. समोरच्याकडे एक्का-राजा असेल तर तुम्ही पुढे आहात, पण त्याला सहा आउट्स आहेत. टर्नवर तुम्ही चेक केलंत तर उरलेल्या ४४ पानांतली ६ त्याच्या कामाची, म्हणजे १३.६ टक्के. ३८ डॉलरच्या पॉटात ही पाच डॉलरहून मोठी भेट झाली. बेट लावली तर त्याला ४६ साठी ८ भरावे लागतात, म्हणजे ५.७५ ला १, आणि त्याला हवेत ६.३ ला १. रिव्हरवर मिळू शकणारी एक बेट धरली तर त्याचा कॉल काठावर बसतो, तरी फुकटापेक्षा काठावरचा कॉल तुम्हाला केव्हाही चालेल. म्हणून गुलाम आणि दश्शी असताना, दोघंच उरलेले असले तर टर्नलाही बेट लावत राहा.

दुसरा फरक हातातल्या पानांनी पडतो. समजा समोरच्याने फ्लॉपआधी शेवटची रेज करून मर्यादा गाठली. असा माणूस साधारण एक्के, राजे, राणी, गुलाम यांच्या जोड्या किंवा एक्का-राजा घेऊन ते करतो. फ्लॉपवर एक्का आणि दोन लहान पानं. तुमच्याकडे राजे असतील तर तुमच्या पुढे एक्क्यांचे ३ आणि एक्का-राजाचे ६ असे ९ हात. एक बरोबरीचा. राणी आणि गुलामांचे मिळून १२ मागे. बावीसपैकी बारा, म्हणजे तुम्ही निम्म्याहून जास्त वेळा पुढे. आता तुमच्याकडे राण्या आहेत असं धरा. एक्का-राजाचे हात एकदम १२ होतात, एक्के ३, राजे ६. पुढे २१, बरोबरीचा १, मागे फक्त गुलामांचे ६. अठ्ठावीसपैकी सहा. तोच फ्लॉप, तोच माणूस, आणि एका जोडीने शेवटपर्यंत जायचं तर दुसरीने पॉट बघून एखादा कॉल करून बाजूला व्हायचं. तो गुलामांवर एवढं वाढवणारा नसेल, तर राण्यांनी तो एक कॉलसुद्धा नको.

चौथी पायरी: रेज आली तर

पुन्हा दुसऱ्या पायरीतला डाव घेऊ. तुम्ही फ्लॉपवर ४ लावले, त्याने चेक-रेज करून ८ केले. पॉट ४२. आता शेवटपर्यंत जायचं तर ४, मग टर्नला ८, रिव्हरला ८ असे २० डॉलर लागतील. जिंकलात तर ४२ आणि त्याच्या पुढच्या दोन बेटचे १६, म्हणजे ५८ मिळतील. वीस भागिले अठ्ठ्याहत्तर, साधारण २६ टक्के. चार वेळांत एकदाहून थोडं जास्त तुम्ही जिंकत असाल तर कॉल करत जाणं बरोबर.

हे २६ टक्के भरतात का, ते बोर्ड आणि माणूस सांगतात. वरच्या फ्लॉपवर तीन रंग आहेत आणि पानं लांब-लांब, त्यामुळे अर्धवट हातावर रेज करणारा सापडणं कठीण. गंभीर खेळाडूने इथे रेज केलं तर त्याच्याकडे एक्का असतो. एक्का, दश्शी, नव्वी, त्यात दोन बदाम असा फ्लॉप असेल तर फ्लशच्या (एकाच रंगाची पाच पानं) आणि स्ट्रेटच्या (ओळीने पाच पानं) आशेवर रेज करणारे बरेच असतात. तिथे कॉल करा आणि टर्नवर बदाम येतो का ते बघा.

शांत माणसाने टर्नवर चेक-रेज केलं तर राजे टाकून द्या. तिथे बहुधा दोन जोड्या किंवा सेट असतो, आणि तुमच्याकडे उरतात ते जेमतेम साडेचार टक्के.

आणखी एक प्रसंग नेहमी येतो. तुम्ही फ्लॉपआधी रेज केलेलं असतानाही ब्लाइंडवाला एक्का बघून थेट तुमच्यावर बेट लावतो. तुमची जागा त्याच्या मागे. नुसता कॉल करत गेलात तर ४, ८, ८ असे २० जातील. त्याऐवजी फ्लॉपवरच रेज करा. बहुतेक वेळा तो कॉल करून टर्नला चेक करतो. तुम्हीही चेक करा आणि रिव्हरला लागलाच तर एक कॉल. एकूण १६. शोडाउन (शेवटी पानं उघडणं) स्वस्त झालं आणि टर्नवर बेट लावायची की नाही हेही तुमच्या हातात राहिलं. शांत स्वभावाच्या माणसाने त्या रेजवर पुन्हा रेज केलं तर मात्र आठ डॉलरमध्ये खात्री झाली असं समजून पानं टाका.

पाचवी पायरी: गर्दी असेल तर

तिघं असाल तर फ्लॉपवर एकदा बेट लावा. एकाने कॉल केला तर डाव जवळपास दोघांचाच झाला, वरचेच नियम लावा. दोघांनीही कॉल केला तर एक्का कुठेतरी आहे असं धरा आणि टर्नला थांबा. एकाने बेट आणि दुसऱ्याने रेज, असं तुमच्यापर्यंत येण्याआधीच झालं तर विचार करत बसू नका.

खरी परीक्षा पाच-सहा जणांच्या पॉटात. तुम्ही बटणावर (फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी पाळी येते त्या जागेवर), राण्यांची जोडी. चौघं आत आले, तुम्ही ८ केले, लहान ब्लाइंड गेला, बाकी सगळे राहिले. सहा जणांचे ४८ आणि २ असा ५० चा पॉट. फ्लॉप: बदाम एक्का, बदाम नव्वी, किलवर अठ्ठी. मोठ्या ब्लाइंडने ४ लावले, दोघांनी कॉल केला, दोघं गेले. पॉट ६२. तुम्हाला ४ भरायचेत.

मन म्हणतं, पॉट एवढा मोठा आहे. हिशोब करू. दोन आउट्ससाठी ४ डॉलरच्या बदल्यात ९० हवेत, पॉटात ६२ आहेत. उरलेले २८ राणी लागल्यावर वसूल करावे लागतील, म्हणजे साडेतीन मोठ्या बेट. त्यातली एक राणी बदामची असू शकते आणि ती कोणाचा तरी फ्लश पुरा करेल. हा कॉल मी करत नाही. फ्लॉपवर तीन रंग असते, पानं लांब-लांब असती आणि मागे रेज करणारा कोणी नसता, तर ४ डॉलरचा एक कॉल चालला असता, तोही टर्नवर राणी आली नाही तर सोडून द्यायच्या ठाम इराद्याने. मध्येच कोणी रेज केलं असेल तर ८ डॉलरसाठी १८० चा पॉट हवा. तो कुठे असतो?

पाच जणांनी तुमच्यापर्यंत चेक केलं तर? फ्लॉप कोरडा असेल, म्हणजे त्यात फ्लश-स्ट्रेटची आशा नसेल, तर बेट लावा. इतक्या जणांतला एक्का सहसा गप्प बसत नाही. पण फ्लॉपवर एक्का आणि राजा दोन्ही असतील आणि तुमच्याकडे राण्या किंवा गुलाम, तर फुकट पान घ्या. दोन वेगळी वरची पानं असली की एकाच खेळाडूकडेही त्यातलं एखादं असण्याची शक्यता २४ टक्क्यांवर जाते. पाच जणांत तुम्ही पुढे असण्याची आशा धरू नये.

जादा आउट्स विसरू नका

हात टाकण्याआधी फ्लॉप पुन्हा एकदा बघा. राजांवर एक्का, गुलाम, दश्शी आले असतील तर कुठलीही राणी सर्वांत मोठा स्ट्रेट देते. चार राण्या आणि दोन राजे मिळून सहा आउट्स. राण्यांवर हाच फ्लॉप आला तर तेच काम चार राजे करतात. तिन्ही पानं बदामची असतील, त्यांत एक्का असेल आणि बदामचा राजा तुमच्याकडे असेल, तर नऊ बदाम तुम्हाला सर्वांत मोठा फ्लश देतात. मग गर्दीतही हात सोडायचं कारण नाही. फ्लॉपवर दोनच बदाम असतील तर दोन्ही पुढची पानं बदामची लागतील, ते होतं सुमारे चार टक्के वेळा. काठावरच्या कॉलला त्याचा एक-दीड आउटइतका टेकू मिळतो, त्याहून जास्त नाही.

रिव्हर

फ्लॉप आणि टर्न दोन्हींवर प्रत्येकी एकेक बेट पडून दोघं रिव्हरला आलात तर पॉट ५४. त्याने ८ लावले तर ६२ साठी ८ भरायचे. साडेअकरा टक्के वेळा पुढे असलात तरी पुरतं. टर्न चेक होऊन गेला असेल तर ४६ साठी ८, म्हणजे सातांत एकदा. लिमिटमध्ये या टप्प्यावर दोघांच्या डावात राजे टाकून देणं ही महागडी चूक आहे. चुकीचा कॉल ८ डॉलरचा असतो आणि चुकीने टाकलेला हात ६२ डॉलरचा. अपवाद तोच शांत माणूस, जो सगळा वेळ कॉल करत होता आणि रिव्हरवर अचानक रेज करतो. त्याच्यापुढे ८ डॉलर वाचवा.

दोघांच्या लिमिट होल्डेमचं गणित कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जवळजवळ पूर्ण सोडवलं. त्यांच्या ‘सेफियस’ या प्रोग्रामवर माणसाने आयुष्यभर खेळूनही खात्रीने मात करता येणार नाही, इतकं. पण नऊ-दहा जणांच्या टेबलाचं असं उत्तर कोणाकडे नाही. तिथे फ्लॉपआधी कोण किती हातांवर आत आला आणि एरवी तो कशावर रेज करतो, हे तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं. हातात काही नसताना, पानं टाकून बसलेले असता तेव्हा, शोडाउनला उघडणारी पानं नीट बघा. कुठल्या माणसाने एक्का घेऊन फ्लॉपवर रेज केलं आणि कुठल्याने टर्नपर्यंत वाट पाहिली, हे तिथेच कळतं. पुढच्या वेळी तुमच्या राजांवर एक्का पडेल तेव्हा चौथ्या पायरीतले ते २६ टक्के भरतात की नाही, हे याच माहितीवर ठरेल.